लेकराला पाच

नांदेड, १२ सप्टेंबर

पुनम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील, तर आधी खुर्ची ओढ आणि बसून वाच. उभ्यानं वाचलेलं डोक्यात शिरत नाही, हा तुझाच कायदा.

फोनच केला असता. पण माझा नंबर तू दीड वर्षापासून ब्लॉक करून ठेवलायस, आणि तुमच्या आरोग्य केंद्राचा फोन सिस्टरांच्या टेबलावर वाजतो म्हणे. जे सांगायचंय ते सिस्टरांच्या कानावर घालण्यासारखं नाही. म्हणून स्पीड पोस्ट. अब्बांनी पाकीट बघितलं नि म्हणाले, "खत? किसकी शादी है?" मी म्हटलं, पुनमला लिहितेय. मग पाकीट चिकटवायला स्वतःच खळ आणून ठेवली. त्यांना तू अजून आवडतेस.

काम अगदी लहान आहे. आपली लाल वही असेल तुझ्याजवळ, अब्बांनी तुला, मला आणि शिवशंकरला बांधून दिलेली झेरॉक्स. तिचं पान एकेचाळीस काढ. सर्पदंश. खालून तिसरी ओळ तुझ्या अक्षरात आहे: 'विषावरचं औषध, मोठ्याला दहा व्हायल, लेकराला पाच.' ती ओळ चूक आहे. लेकरालाही दहाच कुप्या. साप समोर कोण आहे ते बघून विष कमी सोडत नाही, आणि औषध त्या विषाच्या मापानं द्यायचं असतं, वजनाच्या नाही. लेकराला कमी करायचं ते सलाइन, ज्यात औषध मिसळतो. उतरवून घेताना तुझ्या हातून घोटाळा झाला असेल, किंवा मी नेहमीसारखी भराभर बोलले असेन. झालं ते झालं. ती ओळ खोड आणि दहा कर.

मला हे कालच कळलं. आलिया म्हणून एक मुलगी आहे, आपल्याच कॉलेजात, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. ती सात वह्या घेऊन अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानात आली, बांधायला. बघते तर आपलीच वही, झेरॉक्सची झेरॉक्स, तुझं अक्षर पार फिकट झालेलं. म्हणाली, "आपा, तुमच्यासारखी शुक्रवारची बैठक बसवली आम्ही पण. स्टूलपण ठेवलं!" तेच सगळं, पुनम. एकानं स्टुलावर बसून शिकवायचं, बाकीच्यांनी खाली. स्टुलावरच्यानं 'माहीत नाही' म्हणायचं नाही, म्हटलं की भजी त्याच्याकडून. तो सांगेल ते सगळ्यांनी मोठ्यानं तीनदा म्हणायचं. मी सहज विचारलं, सर्पदंश झाला का? तिनं मान डोलवत म्हणून दाखवलं, शिवशंकरनं लावलेल्या चालीत. मोठ्याला दहा, लेकराला पाच. चालसुद्धा तशीच.

मी सातही वह्यांत पेनानं ओळ खोडली. छपाईची चूक आहे म्हणून सांगितलं. अब्बांना विचारलं, अशा लाल वह्या किती बांधल्या असतील? म्हणाले, "गिने नहीं बेटा. हर साल आते बच्चे." मी म्हटलं, दुकानातल्या मूळ वहीतनं ते पान काढून टाका. तर म्हणाले, सिलाई आहे, एक पान ओढलं की जोडीचं पान पण निघून येतं. मग राहू दिलं.

तुझ्याकडं उमरीला आता सोयाबीन काढायला माणसं रानात उतरतील, लेकरं बरोबर असतील. म्हणून घाई. उत्तर नको लिहूस, नुसतं 'मिळालं' एवढं पाठव. शिवशंकरला मी सांगते.

सुमय्या

लातूर, १९ सप्टेंबर

पुनम,

पोस्टाच्या साइटवर दिसतंय की पत्र मंगळवारी पोचलं. आज शुक्रवार. तू वाचून गप्प आहेस, की न वाचताच चुलीत घातलंस, एवढं तरी कळू दे. दिवसातनं दहादा फोन बघते. जिनं ब्लॉक केलंय तिचा मेसेज यायचा तरी कसा, हे कळत असून बघते.

मी इथं लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, नेमणूक यायची आहे, तोवर पीजीचा अभ्यास आणि ही नोकरी. समोर दीडशे मुलं बसलेली असतात आणि मी जे बोलेन ते मान खाली घालून उतरवून घेतात. कुणीही वर बघत नाही. पहिल्या महिन्यात मला याचा केवढा तोरा होता. या आठवड्यात तो पार उतरला. काल एका मुलीनं साधा प्रश्न विचारला, उत्तर मला चांगलं येत होतं, तरी मी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. तुझ्या हातून काही घोटाळा झाला नव्हता. तू अक्षरन् अक्षर मी सांगितलेलंच लिहिलंस.

त्या शुक्रवारी स्टुलावर मी होते. आदल्या दिवशी खालाच्या मुलीचं लग्न होतं, हाताची मेंदी ओली असल्यासारखी मी मिरवत होते, आणि सर्पदंशाचं एक पानसुद्धा वाचलं नव्हतं. मोठ्यांचं येत होतं, ते ठणकावून सांगितलं. तू खाली पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून विचारलंस, "आन् लेकराला किती गं?" मला माहीत नव्हतं. लेकरांना काहीतरी कमी असतं एवढंच डोक्यात होतं. ते सलाइन, हे नंतर कळलं. दोन सेकंद तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, पाच.

शिवशंकर म्हणाला, "पक्कं का?"

"हाव, पक्कं."

भज्यांचे पैसे वाचवायला नाही केलं मी ते. अब्बांनी भजी आणून ठेवलीच होती. तुम्ही दोघं मला हुशार म्हणायचात, तेवढ्यासाठी केलं. शिवशंकरनं लगेच चाल लावली, कागद कापायच्या यंत्रावर ठेका धरला, आणि आपण तिघांनी तीनदा म्हटलं. खरं तर मीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

आता शिवशंकरचं. त्याला फोन केला, रविवारी. तो कर्नाटकच्या हद्दीजवळ एका आरोग्य केंद्रात आहे, तुला माहीत असेल. एकटाच डॉक्टर, आणि नीलम्मा नावाच्या सिस्टर, ज्या अर्धं कानडीत बोलतात. मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला. कितीतरी दिवस कुणाला सांगायचं राहिलं होतं म्हणाला. जुलैत शेषेराव म्हणून एक माणूस पहाटे लेकीला खांद्यावर टाकून आला. सहा वर्षांची, चौदा किलो. घरात खाली झोपली होती, मण्यार चावली, आणि घरच्यांना आधी वाटलं पोटात दुखतंय.

"पापण्या मिटून राहिली होती," शिवशंकर म्हणाला. "औषध चालू केलं. वर मोठ्या दवाखान्यात धाडायला गाडी बोलावली. गाडी येस्तोवर श्वास गेला. लई उशिरा आणली गं त्यांनी. आपण करायचं तेवढं केलं की."

मी म्हटलं, हो ना.

एवढंच म्हटलं, पुनम. किती व्हायल दिल्यास, हे विचारलं नाही. पान एकेचाळीसचं सांगितलं नाही. क्लासची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती.

तेव्हापासून एक खोड लागलीय. रस्त्यानं लेकरू दिसलं की मी मनात वजन धरते. काल गंजगोलाईच्या बाजारात एक बाई बांगड्या घेत होती, कडेवर पोरगी. चौदा असेल, मला वाटलं. मी इतकी बघत राहिले की बाईनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

तू तरी दहा दे. मला नुसतं एवढं कळव की तू दहा देतेस.

सुमय्या

लातूर, २६ सप्टेंबर

पुनम,

हे तिसरं. दुसरंही पोचलंय, साइटवर बघितलं.

तू उत्तर देत नाहीस म्हणजे तुझ्या केंद्रात काहीतरी झालंय, असं मला वाटायला लागलंय. रोज सकाळी नांदेडच्या बातम्या उघडते आणि उमरी शोधते. काल 'उमरी तालुक्यात सर्पदंशाने' एवढा मथळा दिसला आणि मी बातमी उघडून आधी वय शोधलं. साठ वर्षांचा माणूस होता, आणि तो वाचला होता. मला हायसं वाटलं. नंतर स्वतःची शरम वाटली, की साठ वर्षांचा आहे म्हणून मला हायसं वाटलं.

अब्बांना फोनवर म्हटलं, मला भीती वाटतेय. त्यांना वाटलं पीजीच्या परीक्षेची. म्हणाले, "अल्ला पर छोड, पढ़ती रह." मी अजून कुणालाच खरं सांगितलेलं नाही. तुला सांगते. आता यात खोटं काही उरणार नाही.

'मला कालच कळलं' असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. कालच नव्हतं कळलं. मला शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत कळलं.

माझा नंबर तुमच्या दोघांच्या आधी होता. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी सर्पदंशच विचारला. मनात म्हटलं, नशीब जोरावर आहे. धडाधड सांगत सुटले, आणि लेकराला पाच म्हणून थांबले. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "का हो डॉक्टर, साप चावायच्या आधी लेकराचा काटा करतो का?" बाकीचे दोघं सर हसले. मग त्यांनी मला नीट समजावलं, अगदी प्रेमानं. औषध तेवढंच, सलाइन कमी. म्हणाल्या, "हे विसरू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

नाही विसरले. त्या दिवसापासून एक दिवससुद्धा विसरलेली नाही.

आपला रिवाज काय होता? आधी जो आत जाईल त्यानं बाहेर येऊन सगळं सांगायचं, काय विचारलं, कुठं चुकलं, बरोबर काय. चार वर्षं आपण तो पाळला. शिवशंकर तर आतून बाहेर येताना उड्या मारत यायचा, सांगायला. मी बाहेर आले. तुम्ही दोघं बाकावर होतात. तू उठून माझा हात धरलास, "काय विचारलं गं?" मी म्हटलं, हृदयाचे आवाज. तू पुन्हा विचारलंस. आणि पुन्हा. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं.

पाच मिनिटांपूर्वी सर मला हसले होते. बाहेर येऊन माझंच 'पक्कं' खोटं होतं हे तुम्हाला सांगायला तोंड उघडेना. वाटलं, निकालानंतर सांगू. निकालानंतर वाटलं, पार्टीच्या दिवशी. मग तू शुक्रवारी यायचं सोडलंस, फोन बंद केलास. मी सगळ्यांना सांगत फिरले की पुनमला डिस्टिंक्शनची हवा डोक्यात गेली. तुझा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्या रागाचा मला आधार झाला. जी बोलतच नाही तिला सांगायचं कसं, असं म्हणता यायचं. शिवशंकर बोलत होता, तर त्याच्या बाबतीत म्हणायचे, तो वाचतोच की, कुठंतरी वाचेल.

केंद्राच्या भिंतीवर तक्ता असतो, मला माहीत आहे. पण पहाटे कुणी लेकरू मांडीवर टाकलं तर माणूस भिंत वाचत नाही. जे पाठ आहे तेच तोंडात येतं. आपण त्यासाठीच तर तीनदा म्हणायचो.

तू त्याला सांग, पुनम. किती दिल्या ते विचार. माझ्यानं होत नाही. पाया पडते.

सुमय्या

उमरी, ३ ऑक्टोबर

सुमय्या,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून फाडणार होते, कारण त्यात तू माझ्या अक्षरावर ढकललंस. बरं झालं ठेवलं.

मी लेकरांना दहाच देते. ऑगस्टमध्ये एक मुलगी आली होती, पाच वर्षांची, घोणस. दहा दिल्या, नांदेडला पाठवली. पायाला जखम आहे पण चालते. मागच्या बाजारी तिची आजी तुळजाबाई मला भेंड्या देऊन गेली. तेव्हा माझ्यासाठी भिऊ नको.

माझ्या वहीत ती ओळ तोंडी परीक्षेच्या दिवशी संध्याकाळीच खोडलेली आहे. तू बाहेर आलीस तेव्हा दार अर्धं उघडं होतं. मी दारालगत बसले होते. शिवशंकर पाणी प्यायला गेला होता, तुझ्या जरासा आधी परत आला. मी सापाचा काटा ऐकला, सरांचं हसणंही ऐकलं. मग तुझा हात धरून विचारलं. एकदा विचारलं ते तू सांगशील म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं ते तुला संधी द्यायला. तिसऱ्यांदा का विचारलं ते मला आजपण कळत नाही. तू हृदयाचे आवाज म्हणालीस.

डिस्टिंक्शनची हवा नव्हती गं. तुझ्यापुढं बसून परत काही शिकायची मला भीती वाटायला लागली होती. तू सांगितलेलं काय काय माझ्या डोक्यात आहे आणि त्यातलं किती खरं, ते मी सहा महिने एकेक पान लावून तपासत होते. बाकीचं सगळं बरोबर निघालं. तू खरंच चांगलं शिकवायचीस. त्याचाच जास्त राग आला.

आता माझं ऐक. मला माहीत होतं, आणि मीपण शिवशंकरला सांगितलं नाही. मनात होतं, सुमय्यानं केलंय, सुमय्याच सांगेल. तू येऊन सांगशील याची वाट बघत बसले, आणि तो मधल्यामधी राहिला. मी त्याला एका ओळीचा मेसेज केला असता तर झालं असतं. वहीत अक्षर माझंच आहे.

काल दुपारी त्याला फोन लावला. आधी नीलम्मा सिस्टरनी घेतला, मग तो आला. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, जुलैतल्या पोरीला किती दिल्यास? म्हणाला, "पाठच हाय की. पाच." मग मी सगळं सांगितलं. वही, परीक्षक बाई, बाक, तू, मी.

 त्याच्या मागं कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं.  त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, सुमय्याला नेमकं कोणत्या तारखेला कळलं. दुसरी, दहा दिल्या असत्या तर ती जगली असती का.

मी म्हटलं, पहिलीचं उत्तर मला माहीत आहे, पण ते मी देणार नाही. दोन्ही तू सुमय्याला विचार. तो म्हणाला, "मी न्हाई विचारत. तिला सांगायचं असलं तर सांगू दे." आणि पेशंट बघायला गेला.

यावेळी मी वाट बघत बसणार नाही. आठ तारखेपर्यंत तू लिहिलं नाहीस तर मी त्याच्याकडं जाऊन सांगणार आहे. तुझा नंबर उघडलाय, पण मला फोन करू नको. आधी त्याला लिही.

पुनम

लातूर, ८ ऑक्टोबर

शिवशंकर,

मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४. सकाळचे पावणेबारा. त्या खोलीत माझ्यासमोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून वेळही सांगता येते. तेव्हापासून तुझ्याकडं शेषेराव आले त्या पहाटेपर्यंत सतरा महिने होतात. या सतरा महिन्यांत आपण फोनवर कितीदा बोललो ते तुला माहीत आहे. तुझ्या नेमणुकीच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "एकटा असणार हाय गं मी, काय काय पाठ करून जाऊ?" मी म्हटलं होतं, आपली लाल वही पुरेशी आहे.

पाच हा आकडा माझा. मी तो वाचलेला नव्हता, बसल्या जागी बनवला होता. तू पक्कं का म्हणून विचारलंस आणि मी पक्कं म्हणाले. तू चुकलास असं कुणी म्हणालं, तू स्वतः म्हणालास तरी, हे पत्र दाखव. शेषेरावांना दाखवायचं असेल तर मी येते, तू बोलावशील त्या दिवशी. त्यांच्यासमोर मीच वाचून दाखवीन. मला फार भीती वाटते, तरी येईन.

काल नांदेडला जाऊन आलियाच्या बैठकीतल्या पोरींना भेटून आले. सातही जणी होत्या. छपाईची चूक नव्हती, माझी होती, असं सांगितलं, आणि हेही सांगितलं की स्टुलाचा नियम मोडा. अब्बांनाही सांगितलं. ते बराच वेळ हातावरची खळ पुसत राहिले. मग मूळ वही कपाटातनं काढून माझ्यासमोर ठेवली आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला जाऊन बसले. मी पान एकेचाळीस काढलं. जोडीचं पानपण निघालं. त्यावर काय होतं ते पुस्तकात बघून परत लिहून काढतेय.

तुझा दुसरा प्रश्न राहिला. दहा दिल्या असत्या तर ती जगली असती का. मी तीन पुस्तकं बघितली, इथल्या दोन मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उशीर झाला होता. ते म्हणाले, मण्यारीचं सांगता येत नाही. ते असंही म्हणाले, की कदाचित. तुला बरं वाटेल असं उत्तर मला बनवता येईल, शिवशंकर, आणि ते मी इतक्या पक्क्या आवाजात सांगू शकते की तू विश्वास ठेवशील.

मला माहीत नाही.

सुमय्या